स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटसाठी वस्तीचा निधी : पैसा कुठे लागतो, कसा जमवायचा



वस्तीत एखाद्या बाईला छातीचा कॅन्सर निघाला की पहिल्या आठवड्यात मोठी धावपळ होते. पोरं मोबाईलवर मेसेज तयार करतात. त्यात तिचा फोटो, नवऱ्याचे नाव, खाते क्रमांक आणि 'ऑपरेशनसाठी पाच लाखांची गरज' असे लिहिलेले असते. नातेवाईक, ओळखीचे, नोकरीतले लोक जमेल तसे पाठवतात. आठ-दहा दिवसांनी पैसे येणे थांबते. उपचार मात्र आठ महिने, वर्षभर चालतात. चौथ्या-पाचव्या किमोला गाडीभाड्याची अडचण येते, तेव्हा मेसेज पाठवणारे आपापल्या कामाला लागलेले असतात. बाई एक तारीख चुकवते, मग दुसरी चुकवते, आणि उपचार अर्धवट सुटतात.

ज्या ऑपरेशनसाठी पाच लाख मागितले, ते सरकारी योजनेत मोफत होते. ज्या पाचशे-हजार रुपयांवाचून उपचार सुटले, ते कोणी मागितलेच नव्हते. वस्तीचा पैसा नेमका कुठे लागतो, किती लागतो, आणि तो भांडण न होता, बाईची लाज राखून कसा जमवायचा, हा आजचा पाठ आहे. महिला मंडळाच्या बैठकीत तो मोठ्याने वाचावा.

आजाराची ओळख

स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी आणि दूध वाहून नेणाऱ्या नळ्या असतात. तिथल्या पेशी बेलगाम वाढू लागल्या की गाठ तयार होते. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. 'दुखत नाही म्हणजे काही नाही' असे समजून बाया थांबतात, आणि तिथेच नुकसान होते.

पुढीलपैकी काहीही दिसले तर दवाखाना गाठावा : स्तनात किंवा काखेत गाठ, कातडीला खळी पडणे, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणे, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्त किंवा रक्तासारखे पाणी येणे, बोंडावरची न भरणारी जखम, एका स्तनाचा आकार अचानक बदलणे. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, म्हणून घाबरून लपवू नये. पण कोणती गाठ साधी आणि कोणती नाही, हे हाताने किंवा अंदाजाने ठरत नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि सुईने तुकडा काढून केलेली तपासणी, म्हणजे बायोप्सी लागते. 'सुई लावली की गाठ पसरते' हा समज खोटा आहे. या एका समजापायी कितीतरी बाया महिनोन् महिने झाडपाल्याचा लेप लावत बसतात. हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एका अंथरुणावर झोपल्याने लागत नाही, हेही घरातल्या सगळ्यांना सांगावे.

भारतातल्या स्त्रियांमध्ये सर्वात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार देशात त्या वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. म्हणजे दोन नव्या पेशंटमागे एक मृत्यू. अमेरिकेत सहा नव्या पेशंटमागे साधारण एक मृत्यू होतो. मुख्य उपचार दोन्हीकडे बरेचसे सारखेच आहेत : ऑपरेशन, किमो, रेडिएशन आणि गोळ्या. आपल्या बाया उशिरा पोहोचतात आणि पोहोचलेल्यांपैकी अनेकींचे उपचार पूर्ण होत नाहीत, त्यामुळे हे अंतर पडते.

तीन खिंडी

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्तनाच्या कॅन्सरविरुद्ध एक मोहीम सुरू केली. तिच्यात तीन आकडे दिले आहेत. पहिला, निदान ६० टक्के पेशंट पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यातच सापडावेत. दुसरा, बाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पक्के व्हावे. तिसरा, निदान ८० टक्के पेशंटचे उपचार मध्येच न सुटता पूर्ण व्हावेत. हे जमले तर २०४० पर्यंत जगात २५ लाख मृत्यू टळतील, असा त्यांचा हिशोब आहे.

आपल्या वस्तीच्या भाषेत सांगायचे तर वाटेत तीन खिंडी आहेत : गाठ सांगणे, गाठ तपासून घेणे, आणि उपचार शेवटपर्यंत नेणे. मोठे ऑपरेशन आणि महागडी औषधे या खिंडींच्या पलीकडे आहेत. तिथे सरकारी योजना उभी आहे. अलीकडच्या वाटेवर कोणीच उभे नाही. वस्तीच्या निधीने तिथे उभे राहायचे आहे.

सरकारकडून काय मिळते

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. आता ती आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन, किमो आणि रेडिएशन (आपल्याकडे ज्याला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात) हे तिन्ही तिच्यात बसते. अट एकच, हॉस्पिटल योजनेच्या यादीत हवे. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन हॉस्पिटलमधल्या 'आरोग्यमित्रा'ला आधी भेटावे आणि मंजुरी आल्यावरच भरती व्हावे. मंजुरीनंतर कोणी रोख पैसे मागितले तर १५५३८८ या मोफत क्रमांकावर तक्रार करता येते.

बीड जिल्ह्याला जवळची ठिकाणे माहीत असावीत. तपासणीसाठी बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. पूर्ण उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे कॅन्सर हॉस्पिटल आहे. खेड्यांतल्या कॅन्सर पेशंटची शास्त्रीय नोंद ठेवण्याचे काम देशात पहिल्यांदा तिथे १९८७ मध्ये सुरू झाले. मुंबईला परळचे टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे. 'टाटालाच जायचे' असा आग्रह आपल्याकडे असतो. पण नेहमीच्या उपचारासाठी जवळचे केंद्र बरे, कारण तिथे वीस वेळा जाणे जमते. मुंबईला वीस वेळा जाणे जमत नाही.

आणखी चार हक्क लिहून ठेवा. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून उपचारासाठी मदत मागता येते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कॅन्सरच्या गरजू पेशंटलाही महिन्याला १५०० रुपये मिळू शकतात. अर्ज तहसील कार्यालयात करावा. आणि मार्च २०२३ पासून एसटीत सर्वच महिलांना अर्धे तिकीट आहे. त्याशिवाय कॅन्सरच्या पेशंटला एसटीत आणि रेल्वेत वेगळी सवलत आहे, तिच्यासाठी हॉस्पिटलचा दाखला घ्यावा.

योजनेबाहेर काय उरते

इतके सगळे मोफत असताना पैसा लागतो कुठे? बीडकडच्या एका बाईचा हिशोब मांडून पाहू. दर मी अंदाजाने धरले आहेत, तुम्ही आपल्या गावाचे धरा. बाईबरोबर एक माणूस जाणार. दोघांचे जाण्या-येण्याचे भाडे, रिक्षा आणि जेवण मिळून एका फेरीला ९०० रुपये धरू.

निदान होईपर्यंत तीन फेऱ्या : २,७००. सोनोग्राफी किंवा बायोप्सीपैकी काही बाहेर करावे लागले तर : ४,०००. तीन आठवड्यांनी एक अशा आठ किमोच्या फेऱ्या : ७,२००. शेक घ्यायला आठवड्यातून पाच दिवस, साधारण तीन आठवडे तिथेच राहावे लागते. दोघांचे रोजचे २५० धरले तर २१ दिवसांचे ५,२५० आणि एका फेरीचे ९००. रात्री-अपरात्री गाडी करावी लागली तर राखीव २,०००. एकूण झाले २२,०५० रुपये.

या रकमेत बुडालेली मजुरी धरलेली नाही. बाईचे काम बंद आणि सोबत जाणाऱ्याचाही रोज बुडतो. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न ऊसतोडीशी येऊन भिडतो. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात. नवरा-बायकोच्या कोयत्यावर मुकादमाची उचल घेतलेली असते. किमो मध्येच सोडून बाई कारखान्यावर गेली की उपचार तिथेच संपले. काही घरी उलटे होते, आजारासाठीच नवी उचल घेतली जाते आणि पुढचे दोन हंगाम ती फेडण्यात जातात. वस्तीच्या निधीतून या बावीस हजारांची सोय झाली तर निदान आजारासाठी मुकादमापुढे हात पसरावा लागत नाही.

गाडगेबाबांनी हे ओळखले होते

पेशंटपेक्षा पेशंटच्या माणसांची सोय करणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. संत गाडगेबाबांनी कीर्तनातून लोकांकडून पैसा जमवून ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ पेशंटच्या नातलगांना राहण्यासाठी त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा झाली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. आज दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा हॉस्पिटलचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक अगदी थोड्या पैशांत राहतात. महिनाभराचे उपचार असलेल्या बाईला ही जागा मिळाली नाही तर ती फुटपाथवर झोपते किंवा उपचार टाकून गावी येते. डोके टेकायला जागा आणि दोन वेळचे जेवण हा उपचाराचाच भाग आहे. आपल्या समितीने मुंबई, बार्शी आणि संभाजीनगर या तिन्ही ठिकाणच्या स्वस्त मुक्कामाची माहिती आधीच काढून ठेवावी. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांच्याकडे ही यादी मिळते.

किती घरे, किती रुपये

आता वर्गणीचा हिशोब. देशात वर्षाला १ लाख ९२ हजार नवे पेशंट आणि सुमारे ७० कोटी स्त्रिया, म्हणजे एक लाख स्त्रियांमागे वर्षाला साधारण २७ पेशंट. शंभर घरांच्या वस्तीत लहान-मोठ्या मिळून अडीचशे स्त्रिया धरल्या, तर एका वस्तीत असा पेशंट चौदा-पंधरा वर्षांतून एकदा येणार. एका वस्तीने वेगळा निधी काढला तर तो वर्षानुवर्षे पडून राहील, लोक विसरतील, आणि गरज पडेल तेव्हा खात्यात काही नसेल.

दहा वस्त्या एकत्र आल्या तर चित्र बदलते. हजार घरे, अडीच हजार स्त्रिया, तीन वर्षांत साधारण दोन नवे पेशंट. घरटी महिन्याला फक्त ५ रुपये धरले तर महिन्याला ५,००० आणि वर्षाला ६०,००० जमतात. काही घरांकडून येणार नाहीत, काही वेळा उशिरा येतील. निम्मेच जमले तरी ३०,००० होतात. त्यात एका पेशंटचा वाटखर्च निघतो. पूर्ण जमले तर तोंडाच्या आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या पेशंटलाही हात देता येतो. ज्यांच्याकडे रोख नसते त्यांनी मूठभर ज्वारी द्यावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेसाठी मुष्टिफंड असाच चालवला होता.

जयंतीची वर्गणी गोळा करण्याची सवय आपल्याला आहे. पावती पुस्तक, घरोघर फेरी, हिशोबाचा फलक, सगळे आपल्याला येते. फरक इतकाच की ही वर्गणी बारा महिने, थोडी थोडी, न थांबता गोळा करायची.

निधीचे नियम

पैशावरून आपसात फाटाफूट झाली की चांगले काम बंद पडते. म्हणून पहिला रुपया घेण्याआधी नियम लिहून विहारात वाचून दाखवावेत.

१. समिती पाच ते सात जणांची असावी आणि त्यात निम्म्याहून जास्त महिला असाव्यात. एक आशाताई किंवा नर्स, एक हिशोब लिहिणारी, आणि एक कागदपत्रे व ऑनलाईन अर्ज जाणणारा तरुण किंवा तरुणी. पेशंट समितीतल्या कोणाच्या घरची असेल तर त्या निर्णयात त्या व्यक्तीने बसू नये.

२. बँकेत वेगळे खाते, दोघांच्या सहीने चालणारे. कोणाच्याही स्वतःच्या मोबाईलवर वर्गणी घेऊ नये, मग तो माणूस कितीही विश्वासाचा असो.

३. पाच रुपयांचीही पावती द्यावी. दर महिन्याला जमा, खर्च आणि शिल्लक विहाराच्या फलकावर लिहावी.

४. धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसा गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. उत्सव मंडळे घेतात तीच ही परवानगी. वस्तीतल्या एखाद्या नोंदणीकृत मंडळाच्या नावाने काम चालत असेल तर सोपे जाते.

५. पेशंटचे नाव फलकावर लिहू नये. 'पेशंट क्रमांक १, प्रवास, ९०० रुपये' इतके पुरे. फोटो काढायचा नाही, मोबाईलवर फिरवायचा नाही, स्टेजवर बोलावून पाकीट द्यायचे नाही. स्तनाचा आजार म्हणजे आधीच बाईला बोलायची चोरी. मदतीची किंमत म्हणून तिचा चेहरा सगळ्या तालुक्यात फिरला तर पुढची बाई गाठ लपवून ठेवील.

६. पैसे एकरकमी देऊ नयेत. हॉस्पिटलच्या कार्डावर पुढची तारीख असते. ते कार्ड पाहून प्रत्येक फेरीचे पैसे आदल्या दिवशी बाईच्या हातात द्यावेत. असे केले की पैसे दुसऱ्या कामाला जात नाहीत, आणि चुकलेली तारीख समितीला लगेच कळते.

७. ही मदत आहे, कर्ज नव्हे. परतफेड मागायची नाही. वर्गणी दिली नव्हती म्हणून कोणाला नाकारायचे नाही. वस्तीतली बाई कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, हे विचारायचे नाही.

८. बायोप्सीच्या रिपोर्टशिवाय कोणत्याही ऑपरेशनसाठी एक पैसा द्यायचा नाही. बायोप्सीसाठी मात्र त्याच दिवशी द्यायचा.

या आठव्या नियमाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये देशभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने चौकशी समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पोटदुखी किंवा अंगावरून पाणी जाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या बायांना 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' अशी भीती घातल्याच्या हकिकती तेव्हा पुढे आल्या. अनेकींनी त्यासाठी कर्ज काढले होते. कॅन्सर या शब्दाची भीती विकली जाते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. निधी हाताशी असला की घाईने ऑपरेशन करून टाकण्याचा मोहही वाढतो. म्हणून आधी तुकड्याचा रिपोर्ट, मग कॅन्सरच्या डॉक्टरचा सल्ला, मग ऑपरेशन. आजार लवकर सापडला असेल तर अनेकींचा स्तन पूर्ण न काढताही उपचार होतो. तो मार्ग आपल्यासाठी आहे का, हे डॉक्टरांना विचारण्याचा बाईला हक्क आहे.

पैशाशिवायची मदत

निधी समितीने प्रत्येक पेशंटसाठी एक सोबतीण नेमावी. तिची कामे अशी.

तारखेच्या दोन दिवस आधी फोन करणे किंवा घरी जाणे. सगळे कागद एका पिशवीत, तारखेप्रमाणे लावून ठेवणे. बायोप्सीच्या रिपोर्टच्या तीन झेरॉक्स काढून घेणे. हार्मोनची आणि 'हर-टू'ची तपासणी झाली का हे विचारणे, कारण पुढची औषधे त्यावर ठरतात.

किमो चालू असताना ताप आला तर वाट पाहू नये. किमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा जंतूही जिवावर बेततो. घरात थर्मामीटर ठेवावा. १००.४ अंशांवर ताप गेला की, रात्र असली तरी, १०८ ला फोन करावा किंवा गाडी करून दवाखाना गाठावा आणि 'किमो चालू आहे' हे पहिल्यांदा सांगावे. हिशोबातले २,००० रुपये याचसाठी राखीव धरले आहेत. ते सोबतिणीच्या घरी रोख ठेवावेत, रात्री बँक उघडी नसते.

काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. डॉक्टरांनी शिकवलेला हाताचा व्यायाम रोज करावा. त्या हाताला कापणे, भाजणे, काटा लागणे टाळावे. सूज, लाली किंवा ताप आला तर लगेच दाखवावे. डोक्यावर मोळी वाहणे आणि कोयता चालवणे पुन्हा कधी सुरू करायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. तोवर बसून करण्याचे काम, शिलाई, निवडणे-टिपणे, तिला मिळवून देणे हीसुद्धा मदतच आहे.

स्तन काढलेल्या बाईला चारचौघांत जायला संकोच वाटतो. जखम पूर्ण भरल्यावर मऊ सुती कापडाची, कापूस भरलेली गादी ब्लाऊजच्या आतल्या खिशात बसवता येते. शिलाई येणाऱ्या भगिनींनी हे काम घ्यावे. खर्च नाममात्र असतो, आणि बाई लग्नकार्याला पुन्हा येऊ लागते.

शेवटची गोष्ट गोळ्यांची. काही जणींना उपचार संपल्यावर पाच वर्षे किंवा त्याहून जास्त काळ हार्मोनच्या कॅन्सरची गोळी रोज घ्यावी लागते. त्यातली टॅमॉक्सिफेन ही गोळी स्वस्त आहे. 'आता बरे वाटते' म्हणून ती सुटते आणि आजार परत येऊ शकतो. दर महिन्याला गोळ्यांचे पाकीट पाहणे हे सोबतिणीचे काम पाच वर्षांचे आहे.

वर्गणी घेणारी बाईच पहिली तपासनीस

पहिली खिंड, म्हणजे गाठ सांगण्याची, अजून राहिली आहे. तिच्यासाठी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतला एक अनुभव आपल्या कामाचा आहे. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास केला. अर्ध्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, स्त्रियांचे स्तन फक्त हाताने तपासले. उरलेल्या वस्त्यांत नुसती माहिती दिली. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, निष्कर्ष छापून आले. तपासणी झालेल्या वस्त्यांत सापडलेल्या पेशंटपैकी ३७ टक्के उशिराच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या होत्या. दुसरीकडे हे प्रमाण ४७ टक्के होते. पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांत या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीखालच्या स्त्रियांत मृत्यूंमध्ये असा फरक दिसला नाही. यंत्र नव्हते, मोठा डॉक्टर नव्हता. शिकवून तयार केलेल्या बायांचे हात होते.

आपल्याकडेही तीस वर्षांवरच्या स्त्रियांची स्तनाची, तोंडाची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत करायची सरकारी सोय आहे. बाया तिथे जात नाहीत, कारण त्यासाठी रोज बुडवावा लागतो आणि छाती दाखवायची लाज वाटते. महिन्याला पाच रुपये घ्यायला घरोघर जाणारी आपली भगिनी इथे मोठे काम करू शकते. पावती फाडताना तिने घरातल्या बायांना एकच प्रश्न विचारावा : 'कोणाला छातीत गाठ, न भरणारी जखम, तोंडात चट्टा किंवा पाळी गेल्यावर रक्त, असे काही आहे का?' हजार घरी, बारा महिने हा प्रश्न गेला तर गाठ सांगायची चोरी हळूहळू मोडते. 'हो' म्हणणाऱ्या बाईला त्याच आठवड्यात उपकेंद्रात आणि तिथून जिल्हा रुग्णालयात न्यायचे, आणि पहिल्या दिवसापासून ६० दिवस मोजायचे.

या महिन्यात काय करायचे

पहिल्या आठवड्यात आजूबाजूच्या वस्त्यांतल्या महिला मंडळांना निरोप द्या आणि दहा वस्त्या जमतात का पाहा. दुसऱ्या आठवड्यात समिती निवडा आणि वरचे आठ नियम वाचून दाखवा. जे पटत नाहीत त्यांवर तिथेच बोला. तिसऱ्या आठवड्यात खाते आणि परवानगीचे कागद तयार करा आणि आशाताईकडून उपकेंद्राचा तपासणीचा वार विचारून घ्या. चौथ्या आठवड्यात पहिली फेरी काढा.

त्याच बैठकीत एक यादी करा : आपल्या दहा वस्त्यांत कॅन्सरचे उपचार मध्येच सोडलेली कोणी आहे का? नाव मोठ्याने घेऊ नका, आशाताईच्या कानात सांगा. अशी बाई सापडली तर निधीत पैसे जमायची वाट पाहू नका. सोडलेले उपचार पुन्हा सुरू होऊ शकतात का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. समितीतल्या दोघींनी स्वतःच्या पदरचे भाडे घालून तिला पुढच्या ओपीडीच्या दिवशी डॉक्टरांसमोर नेऊन बसवावे. आपल्या निधीची पहिली पेशंट तीच.